पाठीवरची पिशवी आणि मिठाचा वास

सुक्रे,
ऑगस्टचा दुसरा रविवार

तीर्थरूप कासिमिराताईस,

धाकट्या फिदेलियाचा वाकून नमस्कार. (उजवा गुडघा वाकला आहे. डावा वाकवला की पुन्हा उभं करायला माणूस बोलवावं लागतं, तेव्हा तो धरून चाल.) तुझी पाठ कशी आहे? उयुनीत यंदा नळ गोठले असं कळलं. कोंबड्या स्वयंपाकघरात घेतल्यास की नाहीत? घे, आणि लोक काय म्हणतील याचा विचार करू नकोस, लोक अंडी मागायला येतातच. इकडे उर्कुपिन्याच्या देवमातेच्या कृपेने सगळं ठीक. स्वातंत्र्यदिनाचे बँड गुरुवारी थांबले, माझ्या कानातले काल थांबले.

आता मुद्द्यावर येते. (फोनवर आले असते, पण फोनवर तू मला तीन शब्दांत गप्प करतेस. कागदावर मला कोण अडवतं!) ताई, मी येत्या बुधवारी निघते आहे. त्या परदेशी पोरांसारखी पाठीवर पिशवी टाकून, पाच दिवस. सुक्रे ते पोतोसी, पोतोसी ते उयुनी, आणि तिथून पुढे ते मिठाचं वाळवंट. नकार कळवण्यासाठी तू आत्ताच चष्मा शोधायला लागली असशील. तीन वर्षांपूर्वी मी येते म्हटलं, तर तू कळवलंस की मिठावर पाणी साचलंय, येऊ नकोस. पुढच्या खेपेला कळवलंस, पाणी आटलंय, आता काय बघणार? गेल्या वर्षी वारा सुटला होता. एवढे नखरे आपल्या लग्न ठरलेल्या आत्येबहिणीनेही केले नव्हते. म्हणून हे पत्र मी आपल्या बसवाल्या एलेउतेरिओच्या हाती मंगळवारच्या बसने पाठवते आहे. तू उत्तर लिहून पाकीट चिकटवशील तोवर मी पोतोसीत सूप पीत असेन. मी जाणार म्हणजे जाणार.

कारण ऐकशील तर हसशील, पण ऐक. अठरा वर्षं मी या घरात पाठपिशवीवाल्यांना खोल्या देते आहे. त्यांचे मोजे धुतले, त्यांच्या पोटदुखीवर कोकाच्या पानांचा काढा पाजला, आणि सकाळी अंगणात उभं राहून त्यांना रस्ते सांगितले. सगळे रस्ते! सरोवराकडे जायचं असेल तर डावीकडून, जंगलात जायचं असेल तर शनिवारी, मिठावर जायचं असेल तर पहाटे. आणि मी स्वतः या खोऱ्याच्या बाहेर दोनदाच गेले आहे, एकदा तुझ्या लग्नाला आणि एकदा दात काढायला. (तुझ्या लग्नालाही पोतोसीपर्यंतच. वऱ्हाड तिथूनच परतलं.) पण तूच सांग, दारात आलेल्या पाहुण्याला 'माहीत नाही' म्हणायचं कसं? आपल्या आईने कुणाला म्हटलं होतं? एखाद्याने रस्ता विचारला आणि आपण नुसते खांदे उडवले, तर त्याला हाकलून दिल्यासारखंच की! तेव्हा हात वर करायचा, खांद्यापासून सरळ, आणि दाखवायची कुठलीतरी दिशा. माणूस समाधानाने जातो. पुढे चुकला तर तिथे दुसरं कुणीतरी असतंच सांगायला.

मिठाच्या बाबतीत मात्र मी असं हवेत बोलत नव्हते. त्यासाठी माझ्याकडे तुझी पत्रं होती. पायाखाली मीठ कसं साखरेसारखं करकरतं, सूर्य उगवताना सगळं कसं जांभळं होतं, आणि हवेला कसा समुद्राचा वास येतो, हे मी तुझ्या शब्दांत इतक्यांदा सांगितलं आहे की आता मला पाठ आहे. लोक डोळे मिटून ऐकत. एकीने तर वहीत उतरवून घेतलं. आणि मग मे महिन्यात उलरिके नावाची जर्मन मुलगी मिठावरून परत आली आणि नाश्त्याला रसाळ सारणाच्या साल्तेन्या खाता खाता (रस सगळा मनगटावर, यांना शिकवून शिकवून मी दमले) सहज म्हणाली, "फिदेलियाबाई, तिथे कसलाच वास येत नाही हो. मी दोन दिवस नाक वर करून हिंडले." मी म्हटलं, सर्दी असेल तुला. ती म्हणाली, सर्दी नव्हती. तेव्हा माझ्या मनात आलं की ताईने समुद्र तरी कधी पाहिलाय? आपल्या देशाचा समुद्र पणजोबांच्या वेळीच लढाईत गेला, तो काही वास मागे ठेवून गेलेला नाही. पण मी तिला आणखी एक साल्तेन्या वाढली. मोठ्या बहिणीवर शंका घेणारी मी कोण!

जाताना ही उलरिके तिची पाठपिशवी मला देऊन गेली. निळी, बारा बंदांची, त्यातले चार बंद कशासाठी आहेत ते मला अजून कळलेलं नाही. या पोरांचा नियम असा की आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून जास्त न्यायचं नाही. (माझ्या वजनाच्या हिशेबाने मला बरंच काही नेता येतं, पण ते असो.) मी दोन परकर, एक लोकरीची शाल, कोकाची पानं, गुडघ्याचं मलम आणि टोपी एवढंच भरलं आणि बाजारात बटाटेवालीच्या काट्यावर टांगून पाहिलं. सहा किलो! मला इतका अभिमान वाटला की मी येताना उगाच लांबच्या रस्त्याने आले.

आणि इथेच माझी अक्कल गहाण पडली. नवी वस्तू घरात आली तर तिची चाल्या, तिची पूजा केल्याशिवाय वापरायची कशी? जुलैचा पहिला शुक्रवारही आयताच आला होता. मी पिशवी अंगणात मांडली, तिच्यावर रंगीत कागदाचे तुकडे उधळले, चार कोपऱ्यांना बिअर शिंपडली, पाचामामाला, आपल्या धरणीमातेला, तिचा घोट दिला, आणि शेजारधर्म म्हणून गल्लीला बोलावलं. चुकलं ते एवढंच. गल्ली आली, बिअर प्यायली, पिशवीला टाळ्या वाजवल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून एकेकजण हातात पुडकं घेऊन येऊ लागला. "फिदेलिया, तू उयुनीला चाललीच आहेस, तर एवढं माझ्या पुतणीला दे." ज्याने तुमच्या पिशवीवर बिअर शिंपडली त्याला नाही कसं म्हणायचं? ओर्तेन्सियाबाईंनी, म्हणजे समोरच्या मेणबत्तीवाल्यांनी, आधी चॉकलेट दिलं, मग चोरिसो सॉसेजची माळ दिली, मग मिक्सरचं भांडं दिलं आणि म्हणाल्या, "भांडं रिकामं कशाला जाऊ द्यायचं," आणि त्यात शेंगदाणे भरले. शिंप्याने शिलाई मशीनचं चाक आणलं. चर्चमधल्या माणसाने सान अंतोनिओचा तुटक्या हाताचा पुतळा आणला, हात वेगळा बांधून. कुणाच्या तरी सासूचा घागरा आला, तो एकटाच चार किलो. मी परत बटाटेवालीकडे गेले. तिने काट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बाई, तुम्ही जाताय की घर बदलताय?"

काल तर पिशवीत सामान मावेना म्हणून मी माझी शालच काढून ठेवली. मग पलंगावर बसले आणि मला रडू आलं. खरं सांगते ताई, मोठ्याने रडले. वय बासष्ट. पावसाळ्यानंतर डॉक्टर गुडघा कापणार आहेत, पुढे मी किती चालेन ते त्यांनाही सांगता येत नाही. (त्यांनी 'माहीत नाही' म्हटलं नाही हं, हात दाखवून 'चालाल, चालाल' म्हणाले. हात खांद्यापासून सरळ होता. मी ओळखला.) जन्मभर दुसऱ्यांना वाटेला लावलं, आता एकदा स्वतः निघायचं तर पिशवीत माझ्यासाठी जागा नाही. मग डोळे पुसले, पिशवी उलटी केली, आणि सगळी पुडकी एका पोत्यात घातली.

आज सकाळी एक फ्रेंच जोडपं अंगणात आलं आणि विचारू लागलं की मिठाचं वाळवंट कसं आहे. माझा हात आपोआप वर गेला. मी दुसऱ्या हाताने तो खाली धरला आणि म्हटलं, "मला माहीत नाही. मी अजून पाहिलेलं नाही. बुधवारी जाते आहे, रविवारी परत येऊन सांगते." ताई, आकाश कोसळलं नाही. ती दोघं म्हणाली, आम्ही थांबतो. बघ आता, त्यांना खोली देऊन बसले आहे. आता न जाऊन कसं चालेल?

तेव्हा गुरुवारी दुपारी मी तुझ्या दारात असेन. जेवणाचं फार करू नकोस. तुझ्या कोंबड्यांना माझा नमस्कार, आणि अन्सेल्मोभावजींच्या कबरीवर माझ्यातर्फे एक फूल ठेव.

तुझी धाकटी,
फिदेलिया

ता. क. ते पोतं या पत्राबरोबरच एलेउतेरिओ तुझ्या दारात उतरवेल. कोणतं पुडकं कुणाचं ते त्या त्या पुडक्यावर लिहिलं आहे. तेवढं वाटून टाक. मोठी बहीण कशासाठी असते? सान अंतोनिओचा हात शेंगदाण्यांत आहे.

ता. क. दुसरा. लिहू की नको करत होते, लिहिते. एलेउतेरिओ गेल्या महिन्यात तुला चॉकलेट द्यायला आला होता, तेव्हा त्याने गंमत म्हणून तुला विचारलं होतं, मिठाकडे कुठून जायचं? त्याने मला सांगितलं, "तुमच्या ताईंनी असा ठाम हात केला, खांद्यापासून सरळ, की वीस वर्षं त्या रस्त्याने बस चालवूनही मला क्षणभर शंका आली." तू दफनभूमीकडे हात केला होतास, ताई. तो हसला. मी नाही हसले. मी रात्री तुझी सगळी पत्रं पुन्हा काढून वाचली. भावजी दर रविवारी म्हणायचे, पुढच्या रविवारी जाऊ, आणि मग रविवारच संपले. हो ना? चाळीस वर्षं दाराशी, आणि तूही पाहिलं नाहीस. आणि मला ते करकरणारं मीठ, ती जांभळी पहाट, सगळं तू घरात बसून पाठवत राहिलीस. मला तुझा राग आलेला नाही. मला त्या पत्रांनी जगवलं आहे.

ता. क. तिसरा. पोतं गेल्यावर पिशवीत जागा झाली. शाल परत ठेवली. आणि एक टोपी जास्तीची ठेवली आहे. तुझ्या मापाची. शुक्रवारी पहाटे तयार राहा. रस्ता आपण तिसऱ्याच कुणाला तरी विचारू.