नंतर पाठव

सोमवार, ३ मार्च

नवा कॉम्प्युटर आला! पातळ, करडा, आवाज म्हणून नाही. जुना सुरू केला की खोलीत कुणी घोरतंय असं वाटायचं. आता इतकी शांतता की उगीचच खाकरावंसं वाटलं.

नवरा म्हणाला, "आता तरी ढगातून खाली ये आणि वेळेत काम दे." वीस वर्षं हेच वाक्य. शेवाळावरच्या पुस्तकाची सूची शुक्रवारी द्यायची आहे. चारशे पानं. कुठला शब्द कुठल्या पानावर ते शोधायचं आणि पुस्तकाच्या शेवटी ओळीने मांडायचं. मी मात्र एकेका शेवाळाच्या फोटोत शिरते आणि तासाभराने बाहेर येते.

जुन्यातलं सगळं नव्यात आणलं. फायली आल्या, पत्ते आले. मेल उघडला तर घरचं माणूस केस कापून आल्यासारखा, ओळखूच येईना. मेलला जोडलेली माझी पाचही ॲड-ऑन फिकट पडलीत. प्रत्येकाखाली तीच ओळ — या आवृत्तीशी पूर्ण जुळत नाही. एक आपोआप सही घालणारं. एक शुद्धलेखन तपासणारं. एक प्रकाशकाची पत्रं बाजूला लावणारं. एक 'फाइल जोडायला विसरलात का?' विचारणारं — त्याच्याशिवाय माझं कठीण आहे. आणि पाचवं, 'नंतर पाठव'.

त्या पाचव्याचं घरात कुणालाच माहीत नाही.

मंगळवार, ४ मार्च

पत्रं येतात, जात नाहीत. प्रकाशकाला दोन शंका लिहिल्या, दोन्ही आउटबॉक्समध्ये बसून आहेत. त्यांच्याच खाली ताईला लिहिलेली पत्रं. लगेच मोजली. सत्तेचाळीस. एकही हरवलं नाही.

इथे तरी खरं लिहावं. 'नंतर पाठव' म्हणजे पत्र लिहायचं, तारीख द्यायची, त्या दिवसापर्यंत ते ॲड-ऑन पत्राला आउटबॉक्समध्ये धरून ठेवतं. लोक वाढदिवसाच्या शुभेच्छा वगैरे ठेवतात. मी ताईला पत्र लिहिते आणि तारीख देते माझ्या पंच्याऐंशीव्या वाढदिवसाची! तोवर दोघींपैकी कोण असेल कोण जाणे. नुसतं लिहून ठेवलं तर दुसऱ्या दिवशी खोडते. 'पाठव' दाबलं की कसं पेटीत टाकल्यासारखं वाटतं, आणि जात तर कुठेच नाही. हा माझा शोध. कुणाला सांगितला तर वेड्यात काढतील.

तीन वर्षं झाली. आई आजारी होती तेव्हा ताईने तीनदा फोन केला. मी म्हटलं, एवढी सूची संपवते आणि निघते. पोचले तेव्हा आईचं अंथरूण गुंडाळून ठेवलेलं होतं. ताई दारातच म्हणाली, "पुस्तकांच्या शेवटी पोचायची सवय तुला. आईच्या तर शेवटानंतर आलीस." तिचं शिवणाचं दुकान आहे, आणि जिभेलाही तीच कात्री. पण त्या दिवशी तिने कापलं ते बरोबर रेघेवरून कापलं. मी उलट खूप बोलले. बोलू नये ते बोलले. तेव्हापासून अबोला.

बुधवार, ५ मार्च

कॉम्प्युटरच्या दुकानात फोन केला. तिथल्या दुरुस्तीवाल्यांना सगळे डॉक्टर म्हणतात, कारण ते मशीनविषयी पेशंटसारखंच बोलतात. "कधीपासून होतंय? अचानक, की हळूहळू?" हसूच आलं. मग म्हणाले, "असं करा ताई, आधी सगळी औषधं बंद. पाचही ॲड-ऑन बंद करून मेल उघडा. नीट चालला की एकेक सुरू करा. प्रत्येक वेळी मेल बंद करून पुन्हा उघडायचा, घाई नाही. जे सुरू केल्यावर बिघडेल, तेच दुखणं. आणि पत्रं जात नाहीत ना? पाठवायचा पासवर्ड वेगळा टाकावा लागतो. तो टाकलेला नसणार."

नव्हताच टाकला.

आज सहीवालं सुरू केलं. प्रत्येक पत्राखाली माझं नाव दोनदा येतंय. असू दे, कुणीतरी आहे सोबतीला.

गुरुवार, ६ मार्च

डोक्याला बर्फ लावून लिहितेय.

दुपार होती. टेबलावर ऊन आलं होतं, उन्हात धुळीचे कण हळूहळू वर जात होते. मी शेवाळ दगडावर कसं चढत असेल याचा विचार करत बसले होते, मुळं नाहीत, घाई नाही. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे ॲड-ऑन पुन्हा बंद केली होती. पासवर्ड टाकला. मेल उघडला. पडद्यावर प्रश्न आला — पाठवायची राहिलेली पत्रं आहेत. आता पाठवायची?

मला वाटलं, प्रकाशकाची दोन. 'हो' दाबलं.

कोपऱ्यात आकडा पळायला लागला. एक. दोन. पाच. नऊ. मी बघतेय! छान दिसत होतं ते, खरंच सांगते, एकेक पाखरू उडाल्यासारखं. अकरावर आल्यावर डोक्यात प्रकाश पडला. पंच्याऐंशीव्या वाढदिवसापर्यंत धरून ठेवणारं तर मीच बंद केलं होतं. माझ्याच हाताने! 'थांबा' कुठे आहे ते सापडेना. टेबलाखाली शिरले आणि इंटरनेटची तारच उपटली. डोकं आपटलं ते वेगळंच.

तार उपटली तेव्हा ताईची एकतीस गेली होती. सोळा राहिली.

संध्याकाळ

पण कुठली एकतीस? जुनी आधी गेली. म्हणजे पहिल्या दोन वर्षांतली. "तू मला मुद्दाम उशिरा कळवलंस" — ते गेलं. "आईला तू कधी हसवलंस का?" — ते गेलं. बारावं तर सबंध विषारी आहे. ज्यांत मी मवाळ होत गेले ती राहिली. "आज आरशात तुझी हनुवटी दिसली, घाबरले, मग बरं वाटलं" हे राहिलं. "चूक माझी होती" असं पहिल्यांदा लिहिलं ते चौतिसावं. ते इथे बसलंय, माझ्यापाशी, सुखरूप.

तार उपटली नसती तर सगळं गेलं असतं, आणि तेच बरं झालं असतं. वाचवायला गेले आणि नेमकं तेच अडवलं जे जायला हवं होतं.

शुक्रवार, ७ मार्च

उरलेली सोळा आउटबॉक्समधून बाहेर काढून ठेवली, मग तार जोडली आणि सूची दिली. फाइल जोडायला विसरले.

शनिवार, ८ मार्च

नवऱ्याला सांगितलं. वाटलं, हसेल. हसला नाही. खिडकी लावून आला. मग म्हणाला, "सत्तेचाळीस? आणि मी समजायचो तू काम करतेस." आणि पुढे, "उरलेली पाठव आणि मोकळी हो."

बसले पाठवायला. बोट पुढे जाईना. एकतीस थपडा मारून वर सोळा वेळा कुरवाळायचं? ती म्हणेल, घाबरली, आता सारवासारव करतेय. मी तिच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं. आणि गुरुवारचं ते 'हो' — मला खरंच वाटलं होतं का प्रकाशकाची दोनच आहेत म्हणून? मंगळवारी मी स्वतः सत्तेचाळीस मोजली होती. आता विचारून काय उपयोग. बोट माझंच होतं.

सोमवार, १० मार्च

डॉक्टर घरी येऊन गेले. दुखणं शुद्धलेखनवाल्यात निघालं. ते माझ्या नावाखालीसुद्धा लाल रेघ मारत होतं! त्याची नवी आवृत्ती टाकली आणि बाकीचीही सुधारली. "पाचही ठणठणीत. 'नंतर पाठव'सुद्धा चालतंय बघा, हवी ती तारीख द्या." मी मान डोलावली. चहाचा कप त्यांच्या हातात देताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते म्हणाले, "ताई, डेटा गेला का काही?" म्हटलं, गेला. एकतीस.

ताईकडून काही नाही. शिवी नाही, फोन नाही.

बुधवार, १२ मार्च

दुपारी डोळा लागला. स्वप्नात ताईच्या दुकानात गेले. लांबच्या लांब टेबल, त्यावर माझी पत्रं कापडासारखी अंथरलेली. ताई खडूने त्यांवर खुणा करत होती. मी विचारलं, काय शिवतेस? ती म्हणाली, माप तर घेऊ दे. इतक्या साध्या आवाजात की मी स्वप्नातच रडले. जागी झाले तेव्हा ऊन भिंतीवर गेलं होतं आणि पडदा काळा पडून झोपला होता. बराच वेळ त्यात माझाच चेहरा बघत बसले.

शुक्रवार, १४ मार्च

काही नाही.

रविवार, १६ मार्च

सकाळी भाचीचा फोन. ताईची मुलगी. "मावशी, आईला दिसत नाही गं आता. काचबिंदू. दुकान बंद करून वर्ष झालं. तुला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती तिने." वर्ष! आणि मी इथे तिला लिहीत होते की लग्नात तू शेजारून गेलीस, पण माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस.

ती पुढे म्हणाली, "तिचा मेल मीच रविवारी उघडते. आठवडाभर रोज चार-पाच पत्रं वाचून दाखवली. बाराव्याला मला वाचवेना. तर म्हणते, वाच, तिने लिहिलंय ना? काल एकतिसावं संपलं. थांब, तिलाच देते."

मग ताईचा आवाज. तीन वर्षांनी. घसा साफ करून, पूर्वीसारखा हुकमी. "चिमे, पुढचं कुठंय?"

मी म्हटलं, सोळा आहेत. घेऊन येते. मीच वाचते.

गाडी साडेअकराला आहे.