लाल चिमटा

९ फेब्रुवारी, रविवार सकाळ

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही दोघं ठीक आहोत. वहिनीची पाठ आता बरी असेल, अशी आशा आहे. फोनच करणार होते. पण अकरा महिन्यांनंतर तू तो उचलला असतास की नाही, याची खात्री नव्हती. आणि उचलला असतास, तर मी हवापाण्याचं बोलून ठेवून दिला असता. कागदावर तसं करता येत नाही.

आधी बातमी. कंपनीने डिसेंबरात फर्मान काढलं की आठवड्यातले तीन दिवस सगळ्यांनी ऑफिसात हजर राहायचं. त्यावरून आमच्या गटात महिनाभर जुंपली होती. निम्मे म्हणत, समोरासमोर बसल्याशिवाय नवीन माणूस काम शिकत नाही. उरलेले म्हणत, समोरासमोर बसून आपण एकमेकांचा खोकला ऐकतो, बाकी काही नाही. मी दुसऱ्या बाजूची. लिफ्ट चालवणारे प्रोग्रॅम तपासायचं माझं काम. त्याला शांतता लागते. घरी बसून तीन वर्षांत एकही चूक माझ्या हातून निसटलेली नाही. हे मी आकड्यांनिशी मांडलं. साहेब म्हणाले, "आकडे बरोबर आहेत. पण नियम सगळ्यांना सारखा. घरची काही अडचण असेल तर अर्ज कर, बघू."

मी अर्ज केला. वडील चौऱ्याहत्तर वर्षांचे, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यांना दिवसभर माझी गरज असते, असं लिहिलं.

वाक्य ओळखीचं वाटेल. गेल्या मार्चमध्ये तू बाबांना न्यायला आला होतास, तेव्हा मी हेच तुला ऐकवलं होतं. त्यावर तू म्हणालास, "तू घरात असतेस गं, बाबांजवळ नसतेस." आणि मी तुला दार दाखवलं.

आता चिमट्यांचं सांगते. माझ्या खोलीच्या दाराच्या मुठीवर कपडे वाळत घालायचा लाल चिमटा असला, की मी मीटिंगमध्ये आहे. हिरवा असला, की बोलायला हरकत नाही. पद्धत माझी. बाबांनी ती फार मनावर घेतली. लाल दिसला की रेडिओ बंद, नळाची धार बारीक, खोकला उशीत. ज्या माणसाचा जन्म शिवणयंत्रं दुरुस्त करण्यात गेला, ज्याच्या खडखडाटात आपण दोघांनी पाढे पाठ केले, तो स्वतःच्याच घरात मोजे घालून चोरपावलांनी फिरायचा. हिरवा लागला की दारावर टिचकी वाजायची. "मॅडम, चहा आणू?"

चहा तेच करायचे. मी बाबांना सांभाळते, असं सगळ्यांना सांगत होते, त्या तीन वर्षांत दुपारचा चहा मी त्यांना एकदाही करून दिला नाही.

२२ जानेवारीला माझी मीटिंग सव्वाअकराला संपली. चिमटा बदलायला विसरले आणि तो अर्ज लिहायला बसले. शब्द नीट बसेनात, म्हणून वेळ गेला. साडेबाराला पाणी प्यायला बाहेर आले, तर बाबा न्हाणीघराच्या दाराशी फरशीवर बसलेले. पाय घसरला होता. उजवं मनगट टम्म सुजलेलं. शर्टाची बाही दातांत धरली होती.

"हाक का नाही मारलीत?"

"लाल होता ना."

"कधीपासून बसलाय?"

"कचऱ्याची गाडी यायच्या आधीपासून. म्हटलं, होईल तुझं एवढ्यात."

कचऱ्याची गाडी साडेअकराला येते. म्हणजे निदान एक तास. ते बसले होते तिथून माझं दार समोर दिसतं. नंतर मी अंतर मोजलं. अडीच मीटर.

मनगटाचं हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, "घरी कोण होतं?" मी म्हटलं, "मी होते." ते म्हणाले, "नशीब." चिमट्याचं त्यांना सांगितलं नाही. तुलाही कळवलं नाही.

आमच्या कामात याला अडकलेला सिग्नल म्हणतात. कारण संपलेलं असतं, दिवा मात्र लागलेला राहतो, आणि लिफ्ट बिचारी त्यावर विश्वास ठेवून जागच्या जागी उभी राहते. दुसऱ्यांच्या कामातली हीच चूक पकडायचा मला पगार मिळतो.

अर्ज मी तरीही पाठवला. गेल्या सोमवारी तो मंजूर झाला. मंगळवारी मी तो मागे घेतला.

खरं कारण एका ओळीचं आहे. मला माणसांत बसायचं नव्हतं, आणि बाबा सोयीचे होते. नियम मला आजही चुकीचा वाटतो. त्याविरुद्ध मी भांडणार आहे; पण माझ्या नावावर, बाबांच्या नाही.

बाबांना सांगितलं, तर म्हणाले, "जा की. मलाही जरा मोकळेपणी खोकू दे."

"आणि पुन्हा पडलात तर?"

"ओरडेन. शेजारच्या मास्तरीणबाई ऐकतील. त्या तुझ्यासारखे कानात बोळे घालून बसत नाहीत."

तेवढ्यावर मी भागवलेलं नाही. न्हाणीघरात धरायला दोन दांडे बसवले. बाबांच्या गळ्यात एक बटण आहे. दाबलं की माझा आणि मास्तरीणबाईंचा फोन वाजतो. पहिल्याच दिवशी त्यांनी ते चार वेळा दाबलं. "तपासतोय," म्हणाले. "तूच सांगतेस ना, तपासल्याशिवाय भरवसा नाही."

सोमवार, बुधवार, गुरुवार मी ऑफिसात असेन. उरलेले दोन दिवस हॉलच्या कोपऱ्यात बसून काम करेन. माझी खोली काल रिकामी केली. तिथलं बाबांचं कामाचं टेबल मी तुझ्या गॅरेजात पाठवलं होतं, ते घेऊन ये. हत्यारांची पेटी आणि ते जुनं यंत्रही आण. प्लास्टर ५ मार्चला निघतंय; टेबल त्याआधी जागेवर हवं. बुधवारी दुपारी तू त्यांच्याजवळ येऊन बसशील का? हे मात्र विचारते आहे.

मार्चमध्ये तू म्हणालास, ते बरोबर होतं. हे वाक्य मी तीन कागदांवर लिहून पाहिलं. यापेक्षा लहान होत नाही.

शेजारच्या खोलीत रेडिओ मोठ्याने लागला आहे आणि बाबा त्याच्याबरोबर गाताहेत. सूर चुकतोय. चुकू दे.

पाकिटात लाल चिमटा घातला आहे. वहिनीला दे, कपडे वाळत घालायला. त्याचं काम तेवढंच.

टेबलाची आणि तुझी वाट पाहणारी,
तुझी धाकटी