संत्र्याच्या पेटीच्या फळ्या

नागपूर, मंगळवार, डिसेंबर १९७६

आज मी जाम खूष आहे! रामटेकजवळ संत्र्यांचा ट्रक उलटून हमाल गणपतची मांडी मोडली. पूर्वी असा जखमी तसाच गाडीत घालून नागपूरला पळवायचे, आणि रक्त जाऊन तो वाटेतच संपायचा. यंदा आम्ही ठरवल्याप्रमाणे रामटेकच्या डॉक्टरांनी आधी रक्त थांबवलं, सलाइन लावलं, पेटीच्या फळ्यांनी पाय बांधला आणि मला फोन केला. तो इथे नागपूरला पोचेपर्यंत मी ऑपरेशनची तयारी करूनच बसलो होतो. फळ्यांचा वास अजून हाताला आहे. एवढं साधं आम्हाला आधी का सुचलं नाही?

संध्याकाळी शुद्धीवर येताच गणपत म्हणाला, "डॉक्टरसाहेब, फळ्या फेकू नका जी. पेटी मालकाले वापस द्या लागते."

मालकाला कसल्या देतो! फळ्या रामटेकच्या दवाखान्यात जातील, पुढच्या पायासाठी.