पाचजणींसमोरचा बोनस

प्रिय गीतांजली,

मेसेज केला असता तर अर्धा वाचूनच तू उत्तर टाइप करायला लागली असतीस. फोनवर तर तू मला वाक्यही पुरं करू देत नाहीस. म्हणून कागदावर लिहिते आहे. शेवटपर्यंत वाच, मग काय ते बोल.

वैतागले आहे मी. बेलापूरच्या ऑफिसात जेवणाची सुट्टी झाली की बाकीचे डबे उघडतात आणि मी 'खाडीकन्या'चा ग्रुप उघडून शिव्या पुसत बसते. एकाच्या पुसल्या की दुसरा लिहितो. समजावायला गेलं तर मलाच विचारतात, तुला नेमलं कोणी? अगं, आपणच सुरू केला ना हा ग्रुप! पुरुषांच्या कबड्डीवर बोलणारे ढीगभर आहेत, आपल्या भागातल्या मुलींच्या संघावर कोणी चार ओळीही लिहीत नाही, म्हणून. ऐरोलीच्या मैदानात आपली ओळखच मुळी भांडणातून झाली. एका पकडीवरून तू मला वेड्यात काढत होतीस आणि मी तुला. सामना संपला तरी वाद मिटेना, म्हणून स्टेशनवर तू दोन गाड्या सोडल्यास. इतकं मजेत कोणाशी भांडता येतं, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

ग्रुपवरही सुरुवातीला तसंच चालायचं. तू मैदान आखून, बाण काढून चढाई समजावायचीस. नंदकिशोरकाका तुझं म्हणणं खोडायचे, तू त्यांचं. ते ग्रुप सोडून गेले, तुझ्या लक्षात तरी आलं का? अंतिम सामन्यानंतर त्यांनी एवढंच लिहिलं होतं की मनस्वी एकोणीस वर्षांची मुलगी आहे, जरा जपून बोला. त्यावर कोणीतरी 'काका, गोळी घ्या आणि झोपा' असं लिहिलं आणि तू त्याला हसरा चेहरा दिलास. काका ग्रुपमधून निघून गेले. आयुष्यभर कबड्डी बघितलेला माणूस, गीतू.

अंतिम सामन्याबद्दल तुझं बरोबर होतं, हे मला मान्य आहे. आपण एका गुणाने मागे, शेवटची चढाई, आणि समोर पाचच जणी. बोनस मिळायला समोर निदान सहा लागतात. तरी मनस्वी बोनसच्या रेषेकडे पाय टाकायला गेली आणि कोपऱ्यातल्या मुलीने तिचा घोटा धरला. चूकच ती. तेवढं लिहून तू थांबली असतीस, तर खाली पहिलं 'पटलं' मी लिहिलं असतं. पण तू तिच्या हातात बालवाडीतली मणीपाटी चिकटवलेला फोटो टाकलास. वर लिहिलंस, 'पाचपर्यंत मोजता येत नाही.' लोक खदखदून हसले. मग ते तिच्या रंगावर घसरले, गावावर घसरले, रबाळ्याला कारखान्यात जाणाऱ्या तिच्या बापावर घसरले. ते तू लिहिलं नाहीस, ठाऊक आहे मला. पण सगळं तुझ्याच फोटोखाली चाललं होतं आणि 'थांबा' हा एक शब्द तुझ्याकडून आला नाही. मी फोन केला, तर म्हणालीस, मैदानात उतरलं की ऐकून घ्यावंच लागतं. म्हणजे टाळ्या मिळाल्या की तुला खेळ दिसेनासा होतो का गं? मला राग त्याचाच जास्त येतो. ज्यांना चढाई कळत नाही त्यांनी गोंधळ घातला तर मी समजू शकते. तुला कळते.

तेव्हापासून मनस्वी सरावाला आली नाही. शनिवारी मी गोठिवलीला तिच्या घरी गेले. तिच्या आईने, सगुणाताईंनी, चहा दिला, पण माझ्यासमोर बसल्या नाहीत. ग्रुप चालवणारी मीच, हे त्यांना कळलं होतं. मनस्वी बाहेर आली तेव्हा मी सगळ्यांच्या वतीने माफी मागायला लागले, तर तिने मला मध्येच थांबवलं.

"त्या ताईंनी लिवलंय ते बरोबर हाय," ती म्हणाली. "मोजायला मीच चुकले. पन मंग करायला काय पायजे होतं? तेवढं एकानं पन नाय लिवलं."

बोनस चुकीचा, एवढंच मला कळतं. त्या पाचजणींत कोण दमली होती, कोणाला हात लावून परत येता आलं असतं, ते मला नाही सांगता येत.

म्हणून हे पत्र. आज सकाळी मी तुला ग्रुपमधून काढलं. दुसऱ्या कोणी तो फोटो टाकला असता तर त्याच दिवशी काढलं असतं. तू होतीस म्हणून इतके दिवस मी टाळत राहिले. हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळू नये असं वाटलं. दुसरं असं, की रविवारी सकाळी मनस्वी मैदानावर येणार आहे. त्या ताई येतील का, असं तिने विचारलं. तुझ्या वतीने मी हो म्हटलेलं नाही. आलीस तर माझ्याशी नाही बोललीस तरी चालेल. तिला मात्र उत्तर दे.

रागावलेली, तरी तुझीच,
संघप्रिया