भाड्याच्या सिनेमाची मुदत

माय,

तुझी, माझी आणि आपल्यासारख्या सगळ्यांची, ज्यांना एका वस्तूचे दोनदा पैसे देणं जिवावर येतं, सध्या एकच तक्रार आहे: पैसे मोजून झाले तरी दुकानदार हात मागे घेत नाही. तुला हे जरा फोडून सांगावं लागेल. तू होतीस तेव्हा सिनेमा टॉकीजमध्ये असायचा आणि त्याच्याकडे आपण जायचो. आता तो घरी येतो, नळाच्या पाण्यासारखा. महिन्याचे पैसे भरायचे, टीव्ही लावायचा, हवं ते पाहायचं. असं सांगून ते कंपनीवाले घरात शिरले. मग पैसे वाढवले. मग मध्ये जाहिराती घातल्या, आणि त्या नको असतील तर आणखी भरा म्हणाले. आणि नवा सिनेमा पाहायचा म्हटलं की त्यावर कुलूप. त्याचं भाडं निराळं, आणि त्या भाड्याला मुदत: एकदा सुरू केला की दोन दिवसांच्या आत संपवा, नाहीतर पुन्हा भरा. तू भाजीवाल्याला म्हणाली असतीस, "अरे, टोपली उतरवाचे येगळे अन् भाजीचे येगळे काय?" मी हेच म्हणत फिरतो. फक्त मला त्याला तासभर लागतो.

थकलो आहे मी, माय. वकिली सुटली, भाषणं सुटत नाहीत. एसटीच्या भाड्यावर बोललो, पाण्यावर बोललो, शाळांच्या देणग्यांवर बोललो. लोक टाळ्या वाजवतात, खुर्च्या सरकवतात, घरी जातात. भाडं तेवढंच राहतं. घसा मात्र उतरतो. आता बोलायला उभा राहतो तेव्हा गुडघा आधी बोलतो. तरी या सिनेमाच्या विषयावर अमरावतीच्या ग्राहकांनी सभा घेतली, मला बोलावलं, आणि मी गेलो. का गेलो हे तुला सांगायला नको. बोलायला मी शिकलो तेच मुळी सिनेमामुळे, तेही तुझ्या चुलीसमोर.

अकोल्याच्या त्या दोन खोल्यांत आपण सहा माणसं. सगळ्यांनी टॉकीजला जायचं म्हणजे महिन्याचं तेल गेलं. म्हणून तू पद्धत घातली होतीस. नवा सिनेमा लागला की घरातून एकानंच जायचं, पाळीनं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तू भाकरी थापत असताना तो सिनेमा सगळ्यांना सांगायचा. तुझी पाळी तू कधी घेतली नाहीस. "मले अंधारात जीव घाबरते," म्हणायचीस. सांगणाऱ्याची मजुरी ठरलेली होती. तव्यावरून उतरलेल्या पहिल्या भाकरीचा पापुद्रा, त्यावर तेल-तिखट. पण तो आपसूक मिळत नसे. सिनेमा चांगला सांगितला तरच मिळायचा.

तो बहुतेक वेळा ताईलाच मिळायचा. ताई सांगायला लागली की तिच्या तोंडून पाऊस पडायचा, दार वाजायचं, सावत्र आई खोकायची. मारामारी ती एका वाक्यात उरकायची आणि नायिकेनं पत्र कुठं लपवलं हे सांगायला दोन भाकरी लावायची. एकदा तुझी भाकरी तव्यावर करपली, आणि तू ओरडलीस ती आमच्यावर नाही, त्या सिनेमातल्या दिरावर. माझी पाळी आली की मी सुरुवातच अशी करायचो की बंधूंनो, हा प्रश्न केवळ त्या मुलीचा नाही. तुझे हात पिठात तसेच थांबलेले मला आत्ताही दिसतात. तू म्हणतेस, "थे भाषण राहू दे बाबू. पुढं काय झालं थे सांग." सगळे हसतात. ताई सगळ्यात मोठ्यानं हसते. पापुद्रा मला एकदाच मिळाला, तोही मला ताप होता म्हणून.

तर त्या सभेत मी तासभर बोललो. म्हणालो, आपण सिनेमा विकत घेत नाही, दारात उभं राहायचे पैसे देतो. म्हणालो, कंपनीच्या मते अमरावतीत राहणारा भाऊ आणि अकोल्यात राहणारी बहीण हे एक घर नाही, म्हणून बहिणीच्या टीव्हीचे मी निराळे पैसे भरतो. एक घर कोणतं हे आता कंपनी ठरवणार का? सभा पेटली. पुढच्या रांगेतली एक मुलगी उभी राहून म्हणाली, "काका, पटतंय सगळं. पण मग पाहायचं काय?" मी म्हणालो, "आकाशाकडे पाहा, त्याला अजून वर्गणी नाही." टाळ्या. अशा टाळ्यांनी माणसाचं डोकं जागेवर राहत नाही. मी खिशातून फोन काढला, सगळ्यांसमोर उंच धरला आणि तिथल्या तिथे सगळं रद्द करून टाकलं. पंधरा-वीस जणांनी आपापले फोन काढून तेच केलं. मला वाटलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या भाषणानंतर काहीतरी घडलं. त्या तासात बहिणीचं नाव मी मुद्दा म्हणून घेतलं होतं. महिना संपताच तिचाही टीव्ही बंद पडेल हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

ताई आता एकटी आहे, माय. भाऊजी गेल्याला दोन वर्षं होतील. लेक सासरी धामणगावला, येते-जाते. मी रविवारी फोन करतो. "कशी आहेस?" "बरी हाय." "जेवलीस?" "जेवली." "तब्येत?" "हाय." ज्या बाईनं सिनेमातला पाऊस तोंडानं पाडला, ती फोनवर दोन अक्षरांच्या पुढे जात नाही. मला वाटायचं, तिच्यातलं बोलणं भाऊजींबरोबर गेलं. मी बळेच काही विचारलं तर म्हणते, "ठेव आता, तुले कामं असतीन." आणि मी ठेवतो, कारण मला कामं असतात.

मागच्या आठवड्यात अकोल्याला एका कॉलेजात बोलायचं होतं. सकाळी लवकरच्या गाडीनं बडनेऱ्याहून निघालो आणि न कळवता आधी ताईकडे गेलो. खाली दार नुसतं लोटलेलं. घरात टीव्हीवर कापड घातलेलं, बंद पडलेल्या शिलाई मशीनवर घालतात तसं. वर गच्चीवरून बायकांचा गलका ऐकू येत होता. गल्लीतल्या बायका मिळून कुरोड्या घालत होत्या. अर्धा जिना चढलो आणि थांबलो. गुडघ्यामुळे नाही. वरून ताईचा आवाज येत होता, तो जुना, चुलीसमोरचा.

ती मालिका सांगत होती. डोंगरातल्या एका डाकबंगल्यातून मोठा साहेब नाहीसा होतो आणि संशय चौकीदारावर येतो. ही मालिका मी शेवटपर्यंत पाहिली होती. पण ताई सांगत होती ते त्यात कुठंच नव्हतं. तिच्या गोष्टीत चौकीदाराची बायको बंद खोलीची किल्ली अंबाड्यात खोचून फिरत होती, आणि पोलीस तिच्याच हातचा चहा पीत तिच्या नवऱ्याला दरडावत होते. मालिकेत त्या बाईला जेमतेम दोन वाक्यं आहेत. मी खाली हिशेब केला. ताई शेवटच्या भागांपर्यंत पोचायच्या आधीच मी पैसे बंद केले होते. ताईनं तिथून पुढचं सगळं स्वतःच्या पदरचं घातलं होतं.

"मंग तिनं पोलिसाले काहून नाई सांगतलं व?" एक बाई म्हणाली.

"तिले कोनं इचारलं?" ताई म्हणाली.

वर साचा दाबायचा आवाज थांबला. मग कोणीतरी म्हातारी म्हणाली, "खरं हाय बाप्पा. आपल्याले कोन इचारते." आणि सगळ्या एकदम बोलायला लागल्या, जी ती आपल्या घरातलं. मालिकेतला शेवट तीन गोळ्या आणि एका मोटारीचा आहे. मी तो पाहताना जांभया दिल्या होत्या. या शेवटाला मी जिन्यात, कठड्याला धरून उभा होतो.

मी वर गेलो तेव्हा बायकांनी पदर सावरले. "घ्या, भाषणवाले भाऊ आले," कोणीतरी म्हणालं. एका बाईनं पातेल्यातला कुरोड्यांचा गरम चीक वाटीत काढला, वर तेल सोडलं आणि वाटी पुढे केली. मी हात केला. तिनं ती माझ्या हातावरून ताईकडे नेली. "तुमाले मंग. पह्यले सांगनारीले."

बायका गेल्यावर मी ताईला विचारलं, टीव्ही बंद झाला तेव्हा फोन का केला नाहीस.

"तू बंद केलं म्हंजे काही तत्त्वाचं असन म्हटलं. तुह्या तत्त्वाच्या आड मी कई आली?"

"तत्त्वाचंच होतं. पण तुझं लक्षातच आलं नाही."

"तुह्या तत्त्वात मानसं बसत नाईत, बाबू. लहानपनापासून." ती हसली. मग वाटी विसळत म्हणाली, "पन आता भर बाप्पा. कई रोजपासून थापा मारून राहिली मी. थापाले बी खाद्य लागते. अन् मले बी पाहू दे ना त्यानं शेवट काय केला तो. माह्यापेक्षा वाईट केला असन तर मस्त हासू."

मी तिथेच बसून पैसे भरले, तिच्या घराचे निराळे जास्तीचेसुद्धा. बोटं उचलत नव्हती. ज्या हातानं सभेत फोन उंच धरला तोच हात होता. किंमत रास्त आहे असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आत्ताही वाटत नाही. लुबाडणूक ती लुबाडणूक. पण त्या जिन्यात मी जे ऐकलं त्याला कोणत्या खात्यात टाकू? ते कंपनीनं दिलेलं नव्हतं हे खरं. ते तू दिलेलं होतं. मात्र रोज थोडी ठिणगी कुठून तरी यावी लागते, आणि ती मीच विझवली होती, टाळ्यांच्या कडकडाटात.

टीव्हीवरचं कापड काढून ताईनं तो लावला. मालिका सोडून ती भलतीकडेच गेली आणि एका नव्या सिनेमावर थांबली, कुलूपवाल्या, निराळ्या भाड्याच्या. मी म्हणालो, "ताई, हा तर उघड दरोडा आहे. थोडे दिवस थांब, फुकट होईल."

"याले दोन दिवसांची मुदत असते ना?" तिनं माझ्याकडे न पाहता विचारलं.

"हो. सुरू केला की दोन दिवस."

"मंग दोन दिवस राह्य."

कॉलेजची वेळ दुपारची होती. संध्याकाळच्या गाडीनं परत जायचं ठरलेलं होतं. दुसऱ्या दिवशी अमरावतीत आणखी एक सभा होती. ताई अजून पडद्याकडेच बघत होती. ही बाई रविवारी मला सांगते, ठेव आता, तुला कामं असतील. तिला भावाला राहा म्हणायला दोन वर्षांत निमित्त सापडलं ते हे, आणि तेही भाड्याचं.

मी भाडं भरलं. अमरावतीच्या सभेला कळवलं की घरची अडचण आहे. कॉलेजात बोलून संध्याकाळी परत आलो तेव्हा तिनं ज्वारी-उडदाच्या, कळण्याच्या भाकरी टाकल्या होत्या, आणि आम्ही सिनेमा लावला. दर थोड्या वेळानं ती तो थांबवायची आणि पुढं काय होणार ते सांगायची. तसं झालं नाही की सिनेमावाल्याला शिव्या द्यायची. मध्येच भाऊजींच्या शेवटच्या महिन्याबद्दल बोलली. दवाखान्यात सगळे तिच्या डोक्यावरून एकमेकांशी कसे बोलायचे, आणि भाऊजींना रात्री कुठं दुखतं हे फक्त तिला माहीत होतं, तरीही. मी म्हणालो, "मला कधी सांगितलं नाहीस." ती गच्चीवरचंच म्हणाली, ते तुला कळलंच असेल.

सिनेमा सुमार होता, माय. पैसे वाया गेले असं आम्ही दोघंही म्हणालो. तो पहिल्याच संध्याकाळी संपला. मी मात्र मुदत संपेपर्यंत राहिलो.

हे तुला लिहितोय अमरावतीत, त्याच खोलीत, जिथं भाषणं लिहितो. हे कुठं जाणार नाही, टेबलाच्या खणातही ठेवणार नाही. त्या सभेतल्या कोणालाही मी अजून सांगितलेलं नाही की मी पुन्हा पैसे भरले. ती पुढच्या रांगेतली मुलगी परवा बाजारात भेटली, म्हणाली, काका, मी अजून बंदच ठेवलंय. मी तिला शाबास म्हणालो आणि भाजी न घेता घरी आलो. पुढच्या शनिवारी तीच माणसं, तोच विषय, पुन्हा मलाच बोलावलंय. मी उभा राहीन, घसा साफ करीन आणि बंधूंनो म्हणेन. तेवढ्यात, माय, पिठाचे हात तसेच थांबव, आणि सगळ्यांसमोर मला अडव. म्हण, थे भाषण राहू दे बाबू. पुढं काय झालं थे सांग.