चिऱ्याच्या भिंतीवरची पाटी

बा, चिऱ्याच्या भिंतीवर पाटी कशी लावायची हे तुला विचारायचं होतं. तू जाऊन चाळीस वर्षं झाली, तेव्हा उत्तराची वाट बघत बसले नाही, माझं मीच निस्तरलं. पण काय काय केलं ते तुझ्यासारख्या सुताराला सांगितल्याशिवाय चैन पडेना. तिसरीपर्यंतचंच अक्षर आहे, सांभाळून घे.

पोलादपूरला लेकानं घर बांधलं. जमीन माझ्या नावाची, म्हणून सुनेनं दारापाशी लावायला सागवानी पाटी करून आणली, आणि तिच्यावर एकटीचं माझं नाव. मी म्हटलं, "माझं कशाला गो? तुझ्या नवऱ्याचं घाल की." ती शाळेत शिकवते, तिच्याकडे उत्तरं तयार असतात. "सातबाऱ्यावर तुमचं नाव चालतं, मग दारावर का नाय?" मी पाटी पदरानं पुसून ठेवली. मला गप्प करणं किती अवघड, ते तुला ठाऊक आहे.

वायरमननं मशीन लावून दोन भोकं पाडली, प्लास्टिकच्या गिट्ट्या घातल्या, स्क्रू पिळले. आठ दिवसांत पाटी खाली, एक कोपरा उडाला. शेजारच्या ओटीवर माझी जाऊ तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "बाईमाणसाचं नाव दारावर टिकत नाय, मी तवाच बोलले व्हते." मी म्हटलं, "नाव टिकलंय गो, गिट्टी सुटली." बोलले खरी, पण लागलं. पाटी पुन्हा पडली तर ती गावभर सांगणार, आणि लेकही म्हणणार, राहू दे आता, आये. एकदा उतरलेली पाटी मग कोण चढवतो?

पडलेल्या गिट्ट्या उचलून बघितल्या. दोन्हींना तांबडी माती चिकटलेली. चिरा म्हणजे जाळीजाळीचा दगड. मशीन आत थरथरलं की कडा ढासळते, भोक मोठं होतं, आणि गिट्टीला धरायला काही उरतच नाही. गिट्टीचा दोष नव्हता, ती बिचारी मातीला धरून होती.

मग महाडला हार्डवेअरच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "आजी, दोन्हीकडनं चिकटणारी टेप न्या. भोकच पाडायला नको."

"कशावर चिकटते?"

"कशावर पण."

"पावसात चिऱ्याला शेवाळ चढतं, त्याच्यावर?"

त्यानं टेप ठेवून दिली आणि साखळी काढली, वरून हुकाला अडकवायची. मी म्हटलं, "वाऱ्यानं पाटी दारावर आपटणार, आणि कोण आलं म्हणून मी दिवसभर दार उघडत बसू काय?" मग त्यानं एक लोखंडी बोल्ट दाखवला. "हा पिळला की आत फुगतो. बाहेर येतच नाय." तो हातात घेऊन मी बराच वेळ फिरवत राहिले. आत जाऊन फुगायचं. हे मी आधी कुठंतरी बघितलं होतं.

नाते गावातल्या आपल्या घरात, चुलीवरच्या फळीवर, तू भिंतीत ठोकायच्या खैराच्या खुंट्या वाळत ठेवलेल्या. दादा हत्यारं देतोय. मला शाळेतून काढून फळ्या धरायला बसवलंयस. त्या दिवशी घाई आहे, म्हणून मी अंगणातल्या ओल्या लाकडाची खुंटी आणून देते. तू ती गालाला लावतोस आणि माझ्या पायाशी फेकतोस. "ओली खुंटी म्हणजे खोटा साक्षीदार. ऊन पडलं की फिरते." एवढंच. का फिरते, ते सांगितलं नाहीस. कारणं सांगायला तुला कधी वेळ नसे.

आता कळलं. कोरडी खुंटी भिंतीत गेली की ओल पिते, फुगते, दगडाला धरते. ओली घातली तर ती सुकून आकसते. बोल्टही फुगतो, पण तो जोर लावून, एका जागी. आपला चिरा उकलला असता. लाकूड सावकाश फुगतं. तुझी खुंटी आणि त्याचा बोल्ट, युक्ती एकच. दुकानदाराला सांगितलं तर हसला. हसू दे.

परसात पाणी तापवायची चूल आहे, तिच्यावर खैराच्या दोन खुंट्या महिनाभर धुरावल्या. वायरमनची भोकं सिमेंटनं बुजवली. नवी भोकं मशीननं नाही, छिन्नीनं, हळूहळू कोरली, फुंकून भुकटी काढली. खुंट्या ठोकल्या. स्क्रूला साबण चोळला, तू चोळायचास तसा. पाटीच्या मागं सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले, म्हणजे मागं फट राहते, पाणी साचत नाही. ही अक्कल माझी, तुझी नव्हे. एक अख्खा पावसाळा गेला, उन्हाळाही गेला. पाटी हालत नाही. मी रोज हालवून बघते. जाऊही बघते, मी नसले की.

स्क्रू मात्र दुकानातले नाहीत, पितळी आहेत. कुणाच्या तरी देव्हाऱ्यासाठी तू आणलेल्यांतले दोन कमी निघाले होते, आणि हरवले म्हणून दादाला तू फळीच्या तुकड्यानं मारलंस, आठवतं? दादानं हरवले नव्हते. माझ्या परकराच्या नेफ्यात होते. चमकत होते म्हणून घेतले, आणि तो मार खाताना मी फळी धरून उभी राहिले. दादाही आता नाही. ते स्क्रू ज्या पत्र्याच्या डबीत इतकी वर्षं होते ती रिकामी झालीय, तिच्यातच हा कागद घडी करून ठेवते.