जीपचं उघडं दार

बाबा, मी गेल्या महिन्यात राजस्थानात जाऊन आठवडाभर वाळवंटात सायकल चालवून आले. तंबूत झोपले, टेकड्या पायी तुडवल्या आणि जाड टायरच्या गियरवाल्या सायकलवर दगडधोंड्यांतून हाडं खिळखिळी करून घेतली. तुम्ही असता तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला असता, "काहून वं, नागपुरात ऊन कमी पडून राहिलं का तुले?"

तुम्ही गेलात ते वय मी केव्हाच मागे टाकलं. तुमचं दुखणं मात्र वारशानं आलं. मागच्या उन्हाळ्यात माझ्याही छातीत स्टेंट बसला. बरेच महिने गेले, सगळ्या तपासण्या झाल्या आणि डॉक्टर म्हणाले, आता बिनधास्त फिरा, चढा, सायकल चालवा. मी धरमपेठेतल्या आपल्या घरी आले आणि कूलरसमोरच्या खुर्चीत बसले. जरा वेळानं लक्षात आलं की आपण बाबांच्या जागेवर बसलोय. अशी ताडकन उठले की पोरगी स्वयंपाकघरातून धावत आली.

कारण ती खुर्ची मला आवडत नाही, बाबा. मला आवडतात ते आधीचे रविवार. हिवाळ्यातली सकाळ आहे, तुम्ही पुढे आणि मी माझ्या लहान सायकलवर मागे, काटोलच्या रस्त्याला लागलोय. तुमच्या मफलरचं टोक मागे उडतंय. एखाद्या बागेपाशी तुम्ही थांबता, ओळख ना पाळख, आतल्या माणसाशी गप्पा सुरू करता आणि दोन्ही खिशांत संत्री भरून परत येता. मी दमले म्हटलं की तुमचं ठरलेलं असायचं, "दमली त दम खा. घरी जायचं नाव नको काढू." मग काही वर्षांनी तुम्हाला हृदयाचा झटका आला. तुमच्याही डॉक्टरांनी सांगितलं होतं, हळूहळू फिरायला लागा. तुम्ही सायकल ऑफिसातल्या शिपायाला देऊन टाकलीत आणि खुर्चीत बसलात. मी कॉलेजातून आले की विचारायची, बाबा, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ? "नाही वं. काही झालं त?" दर वेळी तेच. आई पोळ्या लाटता लाटता माझ्याकडे बघायची, नको म्हणून मान हलवायची. पुढची सगळी वर्षं आपल्या घरात त्या "काही झालं त"चंच राज्य होतं. आणि शेवटी जे व्हायचं ते त्या खुर्चीतच झालं. मला तुमचा फार राग आला होता. लोक सांत्वनाला येत होते आणि मी आत दात-ओठ खात बसले होते.

म्हणून या सहलीची माहिती मिळाली तसं मी नाव देऊन टाकलं. पोरीनं घर डोक्यावर घेतलं. "आई, तू हे काय करून राहिली? तिथं छातीत दुखलं त कोणाले सांगशील, उंटाले?" मी तिच्यासमोर डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, जाऊ द्या, फक्त एक लक्षात ठेवा. दुखलं तर तिथंच थांबायचं आणि दवाखाना गाठायचा. नुसती धाप लागली आणि बसल्यावर उतरली, तर पुढे जायला हरकत नाही. पोरीनं माझ्याशी बोलणं टाकलं, पण उन्हाची लू लागू नये म्हणून बॅगेच्या खिशांत कांदे तिनंच कोंबले. आम्ही नागपूरकर उन्हाच्या बाबतीत भारी गर्विष्ठ. वाळवंट म्हणजे ऊन, आणि ऊन तर आपल्या घरचंच. मी सुती दुपट्टे घेतले, ग्लुकोज घेतलं, पन्हं घेतलं. जानेवारी आहे, हे घरात एकाच्याही डोक्यात आलं नाही. तिथं सूर्य कलला आणि दात वाजायला लागले. आमच्या मागे सामानाची जीप चालवणारा मिश्यावाला माणूस माझे कांदे बघून म्हणाला, "दीदी, सब्जी के लिए लाई हो?" मी म्हटलं, लू के लिए. तो इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. मग त्यानंच आपलं घोंगडं आणून दिलं, आणि सगळे दुपट्टे एकावर एक गुंडाळून मी त्यात शिरले. कांदे भाजीत गेले.

वाळू वाटते तितकी वाईट नाही. सायकल रुतली की उतरायचं, ढकलायचं. वाईट आहे तो दगडाळ चढ. शेवटच्या मुक्कामाआधी असा एक लांबलचक चढ लागला. बाकीचे, सगळे माझ्या पोरीच्या वयाचे, पुढे निघून गेले. मी निम्म्यावर आले आणि काळीज असं धडधडायला लागलं की कानात दुसरं काही ऐकूच येईना. उतरले. एका खेजडीच्या झाडाला सायकल टेकवली आणि छातीवर हात ठेवून उभी राहिले. दुखतंय का? कळेना. मागून जीप आली. त्या माणसानं दार उघडलं. "बैठ जाओ दीदी. किसी को नहीं बताएंगे." आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, काही झालं त?

तेव्हा कळलं, बाबा, आतून हे किती मोठ्यानं ऐकू येतं. विशीत मला ते तुमचं न उठण्याचं निमित्त वाटायचं. मी दगडावर बसले. डावा हात, जबडा, पाठ, सगळं चाचपलं. दुखत नव्हतं. हळूहळू श्वास जागेवर आला. मी त्याला म्हटलं, तुम पीछे पीछे आओ, मैं चलाऊंगी. तो काळजीनं बघत राहिला, मग त्यानं दार लावलं. जिथं जमलं तिथं चालवली, नाही जमलं तिथं ढकलली. पण वर पोचले. वर काही नव्हतं. वारा, दगड आणि माझ्याकडे टक लावून बघणारी एक बकरी. मी त्या बकरीसमोर हमसून हमसून रडले, आणि इतका आनंद मला पोरगी झाली तेव्हा झाला होता, त्यानंतर थेट तिथंच.

तुमच्यावरचा राग गेला, असं म्हणणार नाही. तुम्ही एकदा तरी कोपऱ्यापर्यंत यायला हवं होतं. मी आता रोज सकाळी सायकल काढते, आणि पुढच्या हिवाळ्यात परत जाणार आहे, घोंगडं घेऊन. घरी सगळ्यांना सांगितलंय की मला जराही भीती वाटली नाही, म्हणून हे पत्र घरात ठेवता येणार नाही, आणि तुम्हाला पाठवायचं तरी कुठे. पण तुमच्याशी खोटं कशाला बोलू? त्यानं ते दार उघडलं तेव्हा मला आत बसायचं होतं, बाबा. अगदी मनापासून बसायचं होतं.